धुतलेला वांगी

जिन्याजवळच्या खिडकीपाशी रूपश्रीचा पाय अडला तो अडलाच. हातात स्टीलचा ट्रे, ट्रेमध्ये तपासणीच्या, चिकटपट्टीने बंद केलेल्या अकरा प्लेटा, आणि बेंगळुरूतल्या जे. पी. नगरचं साडेअकराचं ऊन खिडकीतून सरळ त्या ट्रेमध्ये उतरलेलं. रोजचीच वाट ती. डोळ्यांच्या हॉस्पिटलातला दुसरा मजला, लॅबच्या दारापासून बोळातल्या कपाटापर्यंत मोजून बावीस पावलं. ज्या प्लेटांचा रिपोर्ट गेला त्या पंधरा दिवस कपाटात ठेवायच्या, मग वाफेच्या यंत्रात घालून मारायच्या आणि फेकून द्यायच्या. एकोणीस वर्षांत त्या बावीस पावलांमध्ये कधी काही घडलं नव्हतं. आज चौथ्या प्लेटमधल्या रुपयाएवढ्या बुरशीवर ऊन पडलं आणि तिचा रंग फिरला. आत लॅबमध्ये ती राखी होती. काल राखी होती, आज सकाळीही राखीच होती. रूपश्रीने स्वतःच्या हाताने वहीत ‘राखट पांढरी, मखमली’ असं लिहिलेलं होतं. आणि इथे उन्हात ती मुळी राखी नव्हतीच. “अगं बाई!” ती मोठ्याने म्हणाली, बोळात कुणी नव्हतं तरी. “हा तर धुतलेला वांगी!”

हा शब्द पुस्तकातला नव्हे. पुस्तकात त्या रंगाला दुसरी नावं आहेत, लॅबच्या भिंतीवर टांगलेल्या तक्त्यावर इंग्रजीत आणखी तिसरं. हा शब्द अप्पांचा. अप्पा म्हणजे रूपश्रीचे वडील नरसिंगराव, चामराजपेटेतल्या मॅचिंगच्या दुकानाचे मालक, नोकर, हमाल, सगळं तेच. आता मॅचिंगचं दुकान म्हणजे काय ते बायकांना सांगायला नको: साडी घेऊन जायची आणि तिच्या रंगाचं ब्लाउजचं कापड, अस्तर, फॉल, दोऱ्याचं रीळ मिळवून आणायचं. एका निळ्याचे चाळीस निळे तिथे एकावर एक रचलेले. अप्पांनी प्रत्येकाचं बारसं केलेलं. जळका आमसुली, कोवळा आमसुली, दुपारचा मोरपंखी, उपाशी पिवळा. वांग्यातही तीन प्रकार: वांगी, कोवळा वांगी, आणि ज्याच्यात पाणी जास्त झालंय असा वाटणारा, जांभळा म्हणावा तर जांभळा नाही आणि राखी म्हणावा तर पोटात लाली लपवून बसलेला, तो धुतलेला वांगी. लबाड रंग, अप्पा म्हणायचे. ट्यूबलाइटखाली राखी होऊन बसतो आणि गिऱ्हाइकाला फसवतो. म्हणून अप्पांचा नियमच होता, दिवे लागले की मॅचिंग बंद. फॉल न्या, बटणं न्या, पण रंग जुळवायचा तर उद्या सकाळी या. “नरसिंगरावांचं दुकान सूर्याबरोबर मावळतं,” अशी पेठेतली बाकीची दुकानं टिंगल करायची, आणि संध्याकाळची सगळी गिऱ्हाइकं आपल्याकडे ओढायची. साडीचा पदर आणि कापडाचा तुकडा दोन्ही घेऊन अप्पा दुकानाच्या पायरीवरून खाली रस्त्यावर उतरायचे, बस येवो नाहीतर रिक्षा, कडेला उभं राहून दोन्ही उन्हात धरायचे, मग दोन्ही उलटे करून बघायचे. सुलटी बाजू गिऱ्हाइकासाठी असते, उलटी बाजू दुकानदारासाठी. सात-आठ वर्षांची रूपश्री त्यांच्या सदऱ्याला धरून उभी असायची आणि तीही मान वाकडी करून उलटी बाजू बघायची.

आणि गेल्याच महिन्यात लॅबमध्ये नवे दिवे बसवले होते. पांढरेशुभ्र, निळसर झाक असलेले. सगळ्यांनी केवढं कौतुक केलं होतं, किती लख्ख दिसतं आता! लख्ख दिसतं, कप्पाळ! तिने ट्रे खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, ती चौथी प्लेट उचलली आणि अप्पा कापड उलटं करत तशी उलटी केली.

प्लेटच्या बुडावर तिच्याच अक्षरात मार्करने लिहिलेलं होतं: निहार, वय २७, डावा डोळा, आणि सहा दिवसांपूर्वीची तारीख. या निहारचा रिपोर्ट काल दुपारी खाली गेला होता. काय गेलं होतं त्यात ते तिला तोंडपाठ होतं. ‘पेनिसिलियम. हवेतून आलेली बुरशी. रुग्णाच्या डोळ्यातली नव्हे.’ खाली सही वरच्या डॉक्टरांची, ते आठवड्यातून दोनदा येत आणि रूपश्रीने वाचलेलं असेल तर न बघता सही करत. तिचा लौकिकच तसा होता. एकदा गेलेला रिपोर्ट मागे घ्यायचा झाला तर लॅबमध्ये एक लाल पुठ्ठ्याची वही आहे, तिच्यात कुणी, काय, का चुकलं ते लिहावं लागतं. त्या वहीत लॅबमधल्या सगळ्यांची नावं होती, दोनदोनदा होती. रूपश्रीचं नव्हतं. ती हे कुणाला बोलून दाखवायची नाही, पण घरी जाताना बसमध्ये कधीकधी मनातल्या मनात त्या वहीची पानं उलटायची, आणि तिला बरं वाटायचं.

बुरशी हवेतून आली की डोळ्यातून, हे ठरवायची एक साधी रीत आहे. डॉक्टर डोळ्यावरच्या जखमेचा कण पात्याने खरवडून देतात, आणि त्या पात्याने प्लेटमधल्या जेलीवर इंग्रजी ‘सी’सारखे बारीक ओरखडे काढायचे, एका ओळीत चार, खाली आणखी चार. मग वाट बघायची. ओरखड्यावर जे उगवेल ते डोळ्यातलं. ओरखडा सोडून भलतीकडे उगवलं तर ते वाऱ्यावरून आलेलं, बेंगळुरूच्या हवेत काय कमी आहे! शिळ्या पावावर, भिंतीवर, वहाणांवर सगळीकडे तेच. निहारची बुरशी शेवटच्या सी-च्या बाहेर, बोटभर लांब उगवली होती. काल तिने वरून बघितलं, बाहेर आहे, संपलं. सूक्ष्मदर्शकात घाईघाईत झाडणीसारखे फाटे दिसले, म्हणाली पेनिसिलियम. पहिल्या दिवशीच्या स्लाइडवरही काही सापडलं नव्हतंच. आता उलट्या बाजूने, उन्हात, जेलीच्या आरपार तिला दिसलं की शेवटच्या सी-चं शेपूट संपलेलंच नाही. ते केसासारखं बारीक होत, वाकडंतिकडं पुढे गेलेलं, आणि थेट त्या बुरशीच्या पोटाखाली शिरलेलं. बुरशी ओरखड्यावरच बसली होती. टोकावर बसली होती, एवढंच.

आणि ते शेपूट वाकडं का गेलं तेही तिला आठवलं, लख्ख आठवलं. निहार दिव्यासमोर हनुवटी टेकवून बसला होता, डोळा बधिर केलेला, लालभडक, बुबुळावर तांदळाच्या कणीएवढा पांढरा डाग. पुण्याचा मुलगा, कोरमंगलात पीजीमध्ये राहणारा, रात्री लेन्स न काढता झोपायची सवय. डॉक्टर प्रियदर्शनींनी खरवडलं आणि पातं रूपश्रीच्या हातात दिलं. “हलू नका हो,” ती सवयीने पुटपुटली. तसा तो एकदम म्हणाला, “तुम्ही मराठी? इथे?” ती म्हणाली, “आम्ही इथलेच की. चार पिढ्या झाल्या.” “मग मला एक सीरियसली सांगा,” तो म्हणाला, हनुवटी तशीच टेकवलेली, त्यामुळे शब्द दातांतून येत होते, “या शहरात चांगले पोहे कुठे मिळतात? डोळा गेला तरी चालेल, पण पोहे पाहिजेत.” आणि रूपश्री हसली. खुदकन हसली, हात हलला, आणि शेवटच्या सी-चं शेपूट घसरत गेलं. तिने पाहिलं होतं ते. त्याच क्षणी पाहिलं होतं आणि विसरली होती. माणूस काय काय विसरतो!

ती परत लॅबमध्ये धावली. बाकीच्या दहा प्लेटा खिडकीच्या कट्ट्यावरच राहिल्या, नियमाच्या चिंध्या झाल्या, पण तिला भान कुठे होतं. लॅबमधल्या काचेच्या, आतली हवा बाहेर न सोडणाऱ्या कपाटात हात घालून तिने प्लेटची चिकटपट्टी सोडली, पारदर्शक टेपचा तुकडा बुरशीच्या कडेवर अलगद टेकवला, उचलला, काचेवरच्या निळ्या रंगाच्या थेंबावर बसवला. सूक्ष्मदर्शकाला डोळे लावले आणि आधी नुसताच निळा चिखल दिसला. मग तिने चाक फिरवलं. मग आणखी स्वल्प फिरवलं. आणि चिखल बाजूला झाला. आई गं! काल तिने झाडणी बघितली होती, ती होतीच; पण झाडणीच्या काड्या कशा आहेत ते बघितलंच नव्हतं. पेनिसिलियमच्या काड्या बुटक्या, आखूड मानेच्या, औषधाच्या बाटल्यांसारख्या. या तशा नव्हत्या. बुडाशी फुगीर आणि वर लांब, बारीक, निमुळती मान, सुरई असते तशी. मानेतून निघालेल्या बीजांच्या माळा एकमेकींपासून फाकून उभ्या. एकेक बीज गोल नाही, लांबट. दांडा गुळगुळीत नाही, खरखरीत. एकेक खूण सापडत होती आणि एकेक खूण सापडली की तिच्या छातीत काहीतरी उडी मारत होतं. एकोणीस वर्षांत हिचं चित्र तिने शंभरदा पाहिलं असेल, एकदा ट्रेनिंगमध्ये दुसऱ्याच्या स्लाइडवर लांबून बघितली होती, पण ही तिची होती, तिच्या प्लेटमध्ये, तिच्या ओरखड्यावर, तिने ओळखलेली. परपुरिओसिलियम. कोवळी असताना पांढरी, मग धुतलेला वांगी. भले भले तिला पेनिसिलियम समजून फेकून देतात, असं पुस्तकात कंसात लिहिलेलं असतं. “सापडलीस!” रूपश्री सूक्ष्मदर्शकात म्हणाली. “बरी सापडलीस, चोरटे!” तिला नाचावंसं वाटत होतं. कुणाला तरी हाताला धरून इथे आणावं, हे बघ, ही मान बघ, असं म्हणावंसं वाटत होतं. आणि हे सगळं वाटत असतानाच, त्याच्या खालून, तिला हेही कळत होतं की हे जे आपल्याला इतकं सुंदर दिसतंय ते एका सत्तावीस वर्षांच्या मुलाच्या डोळ्यात वाढतंय. त्याने आनंद कमी व्हायला हवा होता. तो कमी होत नव्हता. तिला त्या आनंदाची लाज वाटली, आणि लाज वाटूनही ती आणखी एकदा आत डोकावली.

भिंतीवरचं घड्याळ बाराला दहा कमी दाखवत होतं. आज शुक्रवार. सकाळी खालून डॉक्टरांच्या नर्सने फोनवर सहज म्हटलेलं तिला आता वीज पडावी तसं आठवलं: तो पोहेवाला पोरगा आलाय आज, रिपोर्ट क्लिअर आहे ना, म्हणजे मॅडम स्टेरॉइडचे थेंब चालू करतील, डाग लवकर बसेल. रूपश्रीने कन्नडमध्ये ‘सरी, सरी’, बरं बरं, म्हणून फोन ठेवला होता. स्टेरॉइड! बुरशी असलेल्या डोळ्यात स्टेरॉइडचे थेंब म्हणजे चोराच्या हातात घराची किल्ली. आठवडाभरात बुबुळ जाईल. तिने खालचा नंबर फिरवला. एंगेज. पुन्हा फिरवला. एंगेज. फाइलवरचा निहारचा मोबाइल लावला, तो वाजून वाजून बंद पडला. अनोळखी नंबर कोण उचलतो हल्ली! तिने फोन टाकला आणि जिन्याकडे पळाली.

दुसऱ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत अडतीस पायऱ्या. त्या अडतीस पायऱ्यांत माणूस किती विचार करू शकतो याला काही हिशेब नाही. पहिल्या वळणावर तिला एक फार सोयीची गोष्ट सुचली. काल चुकलं असं म्हणायलाच कशाला हवं? ‘सहाव्या दिवशी नवी वाढ दिसून आली.’ बस. बुरशी रोज वाढते, रंग रोज बदलतो, कोण विचारणार? डोळाही वाचेल आणि लाल वहीही कोरी राहील. खोटंसुद्धा धड नाही ते, अर्धं खरंच आहे. तिला हे इतकं चटकन सुचलं की ती घाबरली. आणि दुसऱ्या वळणावर, कठड्याला हात धरून वळताना, तिच्या डोळ्यांसमोर अप्पांच्या दुकानातला गल्ल्याशेजारचा खण आला.

ती तेव्हा नऊ वर्षांची होती. मागच्या आळीतल्या अंबुबाई दिवेलागणीला दुकानात आल्या होत्या, लेकीच्या लग्नाची रेशमी साडी छातीशी धरून. साडीबरोबरचं ब्लाउजचं कापड शिंप्याने कापताना बिघडवलेलं, लग्न चार दिवसांवर, अंबुबाई रडकुंडीला आलेल्या. साडी धुतलेल्या वांगीची. अप्पांनी ट्यूबलाइटखाली सहा गठ्ठे काढले, सातवा जुळला, जुळलाच म्हणायचा, अंबुबाईंनी तर अप्पांचे पाय धरायचेच बाकी ठेवले होते. सकाळी शाळेत जायच्या आधी रूपश्री दुकानात गेली तेव्हा कापताना उरलेली चिंधी फळीवर पडली होती आणि तिच्यावर कोवळं ऊन आलेलं होतं. राखी. निव्वळ राखी, लालीचं नाव नाही. “अप्पा,” ती म्हणाली, “हा तो नव्हे.” अप्पांनी चिंधी उचलली. पायरी उतरून रस्त्यावर नेली. उलटी केली. बराच वेळ तसेच उभे राहिले. मग आत आले, चिंधी खणात टाकली, खण लावला. “शिंप्याने शिवलं असेल आता,” ते म्हणाले. “आणि तू गप्प बस.” शिवलं नव्हतं काही. अजून तीन दिवस होते, अंबुबाईंचं घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. अप्पा गेले नाहीत. लग्नाला मात्र सगळे गेले. मंडपात दिव्यांखाली ठीक होतं, पण जेवणाआधी नवरीला फोटोसाठी अंगणात आणलं आणि उन्हात ते ब्लाउज असं दिसलं की दुसऱ्या कुणाचं तरी मागून आणून घातलंय. नवरीला कुणीतरी ते बोललं असणार, कारण नंतर दिवसभर ती पदराने दंड झाकत राहिली. अप्पा खाली मान घालून जेवले. घरी येताना रूपश्रीने त्यांचा हात धरला नाही. तेव्हापासून तिच्या मनात अप्पांविषयी एक कुसळ राहून गेलं होतं, मोठी झाली तरी निघालं नव्हतं.

तळमजल्यावर ती पोचली तेव्हा तिला धाप लागली होती. डॉक्टर प्रियदर्शनींच्या खोलीत एक म्हातारे गृहस्थ अक्षरं वाचत होते. “मॅडम, निहार!” ती कन्नडमध्ये ओरडलीच. “त्याला थेंब दिले?”

“लिहून दिले. आत्ताच गेला. का गं?”

“रिपोर्ट चुकला. बुरशी आहे. सी-वर आहे. मी काल नीट बघितलं नाही.” नवी वाढ, सहावा दिवस, यातलं काहीही तोंडातून निघालं नाही. धावताना ते कुठल्या पायरीवर सांडलं देव जाणे.

डॉक्टर प्रियदर्शनी खुर्चीतून अर्ध्या उठल्या. “तू? तू चुकलीस?” त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं, ते जास्त लागलं. “बेगा, लवकर जा! थांबव त्याला!”

औषधाच्या खिडकीशी तो नव्हता. तिथल्या रविकुमारने नुसता हात दाखवला, बाहेर. रूपश्री लॅबच्या चपलांसकट धावली, पांढरा कोट उडतोय, केसांची पिन कुठेतरी गळाली. फाटकाबाहेर शहाळेवाल्याच्या गाडीशेजारी, फुटपाथच्या कठड्यावर निहार बसला होता. डाव्या डोळ्यावर हिरवी पट्टी, एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात थेंबांचं खोकं, आणि तो ते खोकं उजव्या डोळ्याजवळ नेऊन बारीक अक्षरं वाचायचा प्रयत्न करत होता. बाटली खोक्यातच होती.

“अरे, तुम्ही!” तो म्हणाला. “बरं झालं. हे किती वेळा टाकायचं लिहिलंय? मला एका डोळ्याने काही वाचताच येत नाहीये. कॅब पण कॅन्सल झाली.”

“टाकू नका,” ती म्हणाली. खोकं तिने त्याच्या हातातून अक्षरशः हिसकावलं. “एकही थेंब टाकला नाही ना? नक्की?”

“नाही. का? काय झालं?”

“तुमच्या डोळ्यात बुरशी आहे. काल मी सांगितलं, नाही म्हणून. माझं चुकलं. यंत्राचं नाही, डॉक्टरांचं नाही. मी वाचलं, मीच चुकले.” ती एका दमात बोलली. “ती प्लेटमध्ये होती, मला राखी दिसली, ती राखी नव्हती. ओरखड्याच्या बाहेर वाटली, बाहेर नव्हती. आत्ता सापडली.”

निहार तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या एका उघड्या डोळ्यात आधी काहीच नव्हतं, मग हळूहळू सगळं आलं. “म्हणजे हे टाकलं असतं तर...” तो म्हणाला. शहाळेवाल्याचा कोयता खटखट वाजत होता. मग निहार म्हणाला, “एक मिनिट. तुम्ही हसताय का?”

रूपश्रीचा हात तोंडाकडे गेला. ती हसत होती. गालांवर, डोळ्यांत, सगळीकडे, लपवता न येण्यासारखं. “नाही हो,” ती म्हणाली, आणि मग म्हणाली, “हो. हसतेय. मला माफ करा. ती सापडली ना, म्हणून. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. मला इतका आनंद झालाय आणि इतकी भीती वाटतेय की माझं मलाच कळत नाहीये.” आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

“डोळा वाचेल?” त्याने विचारलं. त्याचा आवाज अगदी लहान झाला होता.

“ते मी सांगू शकत नाही. डॉक्टर सांगतील. पण नाव कळलंय आता, कुठलं औषध घालायचं ते कळतं त्याने. चला आत.” तिने हात पुढे केला. चिडला होता तो, चिडणारच, कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मग त्याने हात धरला, कारण एका डोळ्याने पायऱ्यांचा अंदाज येत नाही. हॉस्पिटलच्या दारातल्या पायऱ्या चढताना तो म्हणाला, “मला दाखवाल ती? माझ्याच डोळ्यातली आहे ना. बघू तरी द्या.” आणि रूपश्रीने दाखवली. डॉक्टर प्रियदर्शनींनी दुसरे थेंब लिहून दिले, दर तासाला घालायचे, आणि दर दोन दिवसांनी यायचं, मग तिने त्याला जिन्याजवळच्या खिडकीपाशी उभं करून बंद प्लेट उन्हात धरली. तो उजवा डोळा बारीक करून बघत राहिला. “च्यायला,” तो शेवटी म्हणाला, “छान रंग आहे पण.”

चार वाजता लाल वही निघाली. रूपश्रीने कोऱ्या ओळीवर स्वतःचं नाव लिहिलं आणि ‘का चुकलं’ या रकान्यात लिहिलं: ‘दिव्याखाली रंग बघितला. उलटी बाजू बघितली नाही.’ लिहिताना हात हलला नाही. नंतर बसमध्ये तिने मनातल्या मनात वही उघडली, तर तिथे आता तिचं नाव होतं, आणि गंमत म्हणजे तिला काही फार वाईट वाटेना. तिला अजूनही त्या लांब माना दिसत होत्या.

ती घरी न जाता आधी चामराजपेटेत दुकानावर गेली. सहा वाजून गेले होते, ऊन उतरलं होतं पण शेवटची तिरीप होती. अप्पा गल्ल्यामागे बसून रिळं लावत होते. ब्याऐंशी वर्षांचे, डोळे मात्र खणखणीत. “काय गं, आज इकडे कशी?” ते म्हणाले. तिने मोबाइलमधला फोटो पुढे केला. खिडकीच्या उन्हात काढलेला, रुपयाएवढी बुरशी, मखमली, कडेला पांढरी. “अप्पा, हा कुठला?”

अप्पांनी मोबाइल हातात घेतला, चष्मा वर केला, आणि मग उठून पायरी उतरले. मोबाइल घेऊन सरळ रस्त्याच्या कडेला गेले, उजेडात. रूपश्रीला हसू आलं. अहो अप्पा, मोबाइलला आतून उजेड असतो, असं ती म्हणणार होती. पण अप्पांनी मोबाइल उन्हात धरला, मग सवयीने उलटा केला, मागचं काळं प्लास्टिक बघितलं, पुन्हा सुलटा केला. आणि तसेच उभे राहिले. बराच वेळ. असे उभे राहिलेले अप्पा तिने यापूर्वी एकदाच पाहिले होते.

“अंबुबाईंच्या लेकीचा,” अप्पा म्हणाले.

बस गेली, धूळ उडाली. रूपश्री पायरीवर उभी होती ती खाली उतरली. इतक्या वर्षांत अप्पांनी ते नाव काढलं नव्हतं. तिला वाटलं होतं, विसरले.

“मी गेलो नाही तेव्हा,” अप्पा मोबाइलकडेच बघत म्हणाले. “दोन गल्ल्या होत्या. नाही गेलो. तू हे कुठनं आणलंस?”

“एका मुलाच्या डोळ्यात होतं, अप्पा. मी काल दिव्याखाली बघितलं आणि चुकीचं सांगितलं. आज उन्हात दिसलं.”

“मग?”

“मग धावत गेले. फाटकाबाहेर गाठला त्याला. सांगितलं, माझी चूक म्हणून.”

अप्पांनी मान हलवली, एकदा, दोनदा. “सरी,” ते म्हणाले. “सरी केलंस.” आणि मोबाइल तिच्या हातात परत देताना त्यांची बोटं तिच्या बोटांवर थोडा वेळ राहिली.

तेवढ्यात एक बाई आल्या, हातात पिशवी, पिशवीतून साडीचा पदर बाहेर काढत. “अण्णा, ह्याला मॅचिंग हवं होतं. बेगा द्या हो, उद्या सकाळीच शिवायला द्यायचंय.” अप्पांनी वर आभाळाकडे बघितलं. समोरच्या दुकानात दिवे लागले होते. “उद्या सकाळी या, अक्का,” ते म्हणाले. “आता उजेड गेला.” बाई वैतागून समोरच्या दुकानाकडे वळल्या. आणि रूपश्रीला एकदम आठवलं, की अंबुबाई आल्या त्या दिवशी दिवे लागलेले होते, आणि अप्पांनी रंग जुळवून दिला होता. तेव्हा तो नियम नव्हताच. तो नियम त्यानंतरचा. कितीतरी वर्षं, रोज संध्याकाळी, एकेका गिऱ्हाइकाला अप्पा परत पाठवत होते, आणि ती ते पाहत होती, आणि तिला त्यांचा हट्टच वाटत होता.

“अप्पा,” ती म्हणाली. अप्पा पायरी चढत होते. तिने पुढे होऊन त्यांचा हात धरला.

“अगं, पडत नाही मी,” अप्पा म्हणाले, पण हात सोडवून घेतला नाही.